बर्फ, भुसा आणि बाबांचं इन्सुलिन

या भागाची सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

गेल्या मे महिन्यात मी, आई आणि बाबा गाडी घेऊन पुण्याहून तारकर्लीला निघालो. तंबू, चटया, गॅसची छोटी शेगडी, सगळं डिकीत भरलं. बाबांना डायबेटिस आहे, रोज इन्सुलिन लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी घरातला थर्माकोलचा डबा घेतला, डीप फ्रीझरमधून चार जेलपॅक काढून थेट त्यात ठेवले आणि त्यांच्यावर इन्सुलिनची पेनं रचली. वापरातलं पेनसुद्धा त्यातच टाकलं. कोल्हापूरला जेवायला थांबलो तेव्हा डबा उघडून पाहिला. एक पेन जेलपॅकला चिकटलं होतं. मला वाटलं, वा, मस्त गार आहे!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांची शुगर ३४०. रात्रीचा डोस, सकाळचा डोस, सगळं वेळेवर घेऊन ३४०. पेन बघितलं तर औषध पाण्यासारखं स्वच्छ, संशय यावा असं काहीच नाही. मी मावशीला फोन लावला. मावशी आरोग्य उपकेंद्रात एएनएम होती, आता निवृत्त झालीय. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "पॅक हलवून बघितला होतास का?"

"म्हणजे?"

"अरे, फ्रीझरमधून काढला की पॅक बाहेर ठेवायचा. हलवला की आतून पाणी वाजलं पाहिजे. मगच डब्यात. आम्ही लशीच्या डब्यात असेच भरायचो. एकदा गोठलं की गेलं ते. टाकून दे सगळं."

एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळून अगदी नेहमीसारखं दिसलं तरी त्याचा भरवसा नसतो, ते फेकायचंच असतं. त्या रात्री मालवणातल्या मेडिकलमधून नवी पेनं आणली आणि बाबा दोन दिवसांत ठीक झाले. पण मी बीटेक केलंय, उष्णतेवर अख्खा पेपर दिलाय, आणि खांद्याला डबा अडकवून गावोगाव फिरलेल्या मावशीला जे पाठ होतं ते मला माहीत नव्हतं. हे मनात टोचत राहिलं.

पुढची ट्रिप ठरली होती पुणे ते काझा. म्हणजे राजस्थानची उष्णता आणि स्पितीची थंडी एकाच प्रवासात. गाडीतला फ्रिज घ्यायचा की चांगला आइस बॉक्स? मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. लिटर, वॉट, वजन, किंमत, वॉरंटी. चाळीस ओळी झाल्या तरी निर्णय होईना. शेवटी शीट बंद करून मी विचारलं, गार वस्तू लांब नेण्याचा हा उद्योग माणसाने आधी कसा केला?

आणि तिथे मला फ्रेडरिक ट्यूडर भेटला.

ट्यूडरचा जन्म बॉस्टनमधला, १७८३ चा. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली, जी ऐकून त्याचं शहर त्याला हसलं. हिवाळ्यात आपली तळी गोठतात, तो बर्फ कापायचा आणि उष्ण देशांत नेऊन विकायचा. १८०६ मध्ये त्याने सुमारे १३० टन बर्फ जहाजात भरून कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. बर्फ पोचला! पण तिथे तो ठेवायला जागाच नव्हती. लोकांनी घरी नेला, त्याचं काय करायचं हे कळलं नाही, आणि डोळ्यांदेखत त्याचं पाणी झालं. पुढची काही वर्षं ट्यूडर कर्जात बुडाला, कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते त्याच्या चिकाटीमुळे नाही. चिकाटीच्या गोष्टी आपल्या फीडवर रोज येतात. मला आवडतं ते त्याचं डीबगिंग. बर्फ कुठे आणि किती वितळतोय, हे तो मोजायला लागला. क्युबात हवानाला त्याने दुहेरी भिंतींचं बर्फघर बांधलं आणि गळणाऱ्या पाण्याचं माप घेत राहिला. गवत, भाताचं तूस, कोळशाची भुकटी असे प्रकार त्याने करून बघितले आणि शेवटी थांबला लाकडाच्या भुश्यावर. भुसा का? भुश्याच्या कणांमध्ये हवा अडकून बसते, आणि जागेवरून न हलणारी हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. शिवाय लाकूड कापणाऱ्या गिरण्यांसाठी भुसा म्हणजे कचरा, तो जवळपास फुकट मिळायचा.

दुसरी सुधारणा त्याच्या जोडीदाराची, नॅथॅनिएल वायथची. १८२५ च्या सुमाराला त्याने घोड्याने ओढायचा, नांगरासारखा बर्फ कापायचा अवजार बनवला. त्यामुळे वेड्यावाकड्या तुकड्यांऐवजी एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लाद्या एकमेकींना चिकटून बसल्या की मध्ये हवेला फिरायला जागा उरत नाही. शेकडो लाद्यांची मिळून एक प्रचंड लादी होते आणि वितळतो फक्त तिचा बाहेरचा थर.

हे तुम्हाला घरीही पाहता येईल. एक किलो बर्फाचा चुरा आणि एक किलोची अखंड लादी शेजारी ठेवा, चुरा आधी संपतो. दोन्ही वितळायला लागणारी उष्णता तेवढीच, किलोला ३३४ किलोज्यूल. पण चुऱ्याला उष्णता आत घ्यायला पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो. म्हणून कॅम्पिंगला जाताना बर्फ घ्यायचाच असेल तर लादी घ्या किंवा घरी मोठ्या डब्यात पाणी गोठवा. ड्रिंकमध्ये टाकायचे क्यूब भरून डबा तीन दिवस टिकेल ही आशा सोडा.

आता १८३३. बॉस्टनच्या बंदरातून 'टस्कनी' नावाचं जहाज १२ मे रोजी १८० टन बर्फ घेऊन निघालं. कुठे? कलकत्त्याला! सुएझ कालवा तेव्हा नव्हता. म्हणजे अटलांटिक उतरून, आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांचा प्रवास. सप्टेंबरमध्ये जहाज हुगळीत शिरलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. अर्ध्याहून जास्त! कुठलंही यंत्र नाही, वीज नाही. फक्त भुसा, लाद्या आणि झाकण न उघडणं. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंकने बर्फ घेऊन आलेल्या विल्यम रॉजर्सला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला भेट दिला. त्याच जहाजातून बॉस्टनची सफरचंदंही आली होती. म्हणजे टस्कनी एका अर्थाने पाण्यावर चालणारा आइस बॉक्सच होता.

थंडावा आपल्याकडे ट्यूडरने आणला असं मात्र समजू नका. 'आईन-ए-अकबरी'त सोऱ्याचं पाणी करून त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवून गार करायची रीत दिलीय. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. मॅचमध्ये खेळाडूला लागलं की फिजिओ एक पाकीट दाबून फोडतो आणि ते लगेच गार होतं, तेच तत्त्व. अकबर पंजाबात असताना डोंगरातला बर्फ नावांनी आणि हमालांकरवी लाहोरला यायचा, तेही त्याच ग्रंथात आहे. अलाहाबादला हिवाळ्याच्या रात्री उसाच्या चिपाडांवर मातीची उथळ भांडी मांडून पाणी गोठवायचे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजाने १७७५ मध्ये त्यावर लेख लिहिला. कमतरता होती ती बर्फ मोठ्या प्रमाणात, लांबवर आणि उन्हाळाभर पुरवण्याची.

आणि आता आपली मुंबई. १८३० च्या दशकातच अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉयनी जेवणाच्या पार्टीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमान-पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, असं 'मुंबई समाचार'ने छापल्याचा किस्सा नेहमी सांगितला जातो. मुंबईचं बर्फघर गोदीजवळ होतं. आज फोर्टमध्ये लायन गेटपाशी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, त्या जागी. बर्फघर पाडलं गेलं. मद्रासचं मात्र अजून उभं आहे, मरीना बीचसमोर. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आता ते विवेकानंद इल्लम म्हणून ओळखलं जातं. हेन्री डेव्हिड थोरोने १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर चाललेली बर्फतोडणी स्वतः पाहिली, आणि आपल्या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिताना त्याने मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचं नाव घेतलंय.

लहानपणी आमच्या गल्लीत गोळेवाला यायचा. त्याची लादी गोणपाटात गुंडाळलेली आणि वर भुसा चिकटलेला. आई ओरडायची, "तो घाणेरडा भुसा लागलेला बर्फ खाऊ नका." आम्ही खायचोच. पण तो भुसा तिथे कशासाठी असतो, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

बर्फाचा हा व्यापार संपवला यंत्राने. मद्रासला १८७४ मध्ये आणि कलकत्त्याला १८७८ मध्ये बर्फ बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या, मग बॉस्टनहून पाणी आणायचं कारण उरलं नाही. पण बर्फ की यंत्र, हा माझ्या एक्सेल शीटमधला प्रश्न त्याच दशकात समुद्रावर अक्षरशः लढला गेला.

जेम्स हॅरिसन हा ऑस्ट्रेलियातला पत्रकार, आणि शीतकरण यंत्राच्या पहिल्या शोधकांपैकी एक. १८७३ मध्ये त्याने मेलबर्नहून लंडनला गोठवलेलं मांस पाठवायचं ठरवलं, 'नॉरफोक' जहाजातून. गंमत बघा, यंत्र बनवणाऱ्या या माणसाने जहाजावर यंत्र बसवलंच नाही. त्याने थंड खोली बर्फाने भरली. बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर संपला आणि मांस सडलं. त्यात हॅरिसनचं दिवाळं निघालं.

नऊ वर्षांनी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, न्यूझीलंडहून 'डनेडिन' हे जहाज निघालं. होतं शिडाचंच, पण पोटात कोळशावर चालणारं शीतयंत्र. ९८ दिवसांनी ते लंडनला पोचलं आणि जवळपास ५,००० जनावरांच्या मांसापैकी फक्त एक धड टाकून द्यावं लागलं. पण वाटेत एक भानगड झाली. उष्ण कटिबंधात यंत्र चालू असूनही खोलीत सगळीकडे सारखी गार हवा पोचेना. तेव्हा कॅप्टन व्हिट्सन स्वतः हवेच्या मुख्य नळात सरपटत शिरला आणि करवतीने जास्तीची भोकं पाडली. तिथे तो गारठून मरता मरता वाचला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझा थर्माकोलचा डबा आठवला. सरासरी तापमान बरोबर असून भागत नाही. डब्याच्या कुठल्या कोपऱ्यात किती आहे, हा खरा प्रश्न. माझ्या डब्यात वरच्या बाजूला १० डिग्री असेल, तळाशी जेलपॅकला टेकलेल्या पेनाला उणे काहीतरी. कंप्रेसर फ्रिजमध्येही असंच होतं. आतली भिंत सगळ्यात गार, झाकणाजवळची जागा कोमट. ठासून भरला तर हवा फिरत नाही. म्हणून औषध भिंतीला लावायचं नाही, फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवायचं.

विसाव्या शतकाबद्दल मी भरभर सांगतो, कारण त्यातले निम्मे शोध आज ऑनलाइन दुकानात 'मिनी फ्रिज' या एकाच नावाखाली विकले जातात, आणि तिथेच आपण फसतो.

स्टॉकहोममध्ये १९२२ साली फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हलणारा एकही भाग नसलेला फ्रिज बनवला. गॅसच्या ज्योतीवर चालणारा. कॅराव्हॅनमध्ये तो अजून वापरतात. आवाज शून्य, पण तो सपाट जागेवर ठेवावा लागतो. घाटात आणि कच्च्या रस्त्यावर आपल्या काय कामाचा?

दुसरा प्रकार पेल्टियर. झाँ पेल्टियर या फ्रेंच माणसाला १८३४ मध्ये दिसलं की दोन धातूंच्या जोडातून वीज गेली की एक जोड गार होतो, दुसरा गरम. पुढे सेमीकंडक्टर आल्यावर त्यातून वापरण्याजोगं यंत्र झालं. स्वस्त आणि हलके १२ व्होल्टचे डबे बहुतेक याच जातीचे. त्यांची मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेली असते: बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० डिग्री कमी. पुण्यात जानेवारीत ठीक. गाडीत ४५ असेल तर आत २५ च्या वर. कोल्ड्रिंक कोमट होईल, चालेल. इन्सुलिनला चालणार नाही. आणि वीज हा डबा सतत खातो.

आइस बॉक्सची वंशावळ वेगळी. अमेरिकेतल्या रिचर्ड लॅरामीने १९५१ मध्ये उचलून नेता येणाऱ्या बर्फाच्या पेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५३ मध्ये मिळालं. मग पत्र्याचे, नंतर प्लास्टिकचे डबे आले. २००६ मध्ये टेक्सासच्या दोन सायडर्स बंधूंनी यती काढली आणि जाड भिंतींचे, एकसंध ओतलेले डबे फॅशनमध्ये आले. किंमत बघून मला घाम फुटला, पण मुळात ते काय विकतायत? जाड भिंत आणि घट्ट झाकण. ट्यूडरचंच.

इथे मी कागदावर हिशोब केला. २५ लिटरचा डबा, बाहेर-आत ३० डिग्रीचा फरक. थर्माकोलची तीन सेंटिमीटर भिंत असेल तर साधारण २१ वॉट उष्णता सतत आत येते. म्हणजे दिवसाला पाच किलोच्या वर बर्फ. पाच सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम असेल तर आठेक वॉट, दिवसाला दोन किलोच्या आसपास. झाकण उघडणं यात धरलेलं नाही. तेवढ्यानेच मला उत्तर मिळालं. बर्फ घ्या की यंत्र घ्या, पहिला आकडा भिंतीच्या जाडीचा बघायचा. जाहिरातीत लिटर ठळक असतात आणि भिंत शोधावी लागते. ती लिहिलेली नसेल तर बाहेरचं आणि आतलं माप वजा करून दोनाने भागा.

दोन दिवसांची ट्रिप, मासे-दूध-भाज्या एवढंच असेल, तर जाड भिंतीचा आइस बॉक्सच घ्या असं मी स्पष्ट सांगेन. बिघडायला काही नाही, पैसे कमी. कोकणातून पुण्याला सुरमई आणायला अजून तरी थर्माकोलच्या पेटीला कोणी हरवलेलं नाही. पण दहा-बारा दिवस, वाटेत बर्फ मिळेल न मिळेल, आणि आत औषध असेल, तर १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज. थोडक्यात नॉरफोक नको, डनेडिन घ्या.

फक्त एक सावध राहा. माझ्या अंदाजाने असा छोटा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ३०० ते ४०० वॉट-तास वीज खातो. म्हणजे १२ व्होल्टवर २५ ते ३३ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ते ४५ ची, आणि ती अर्ध्याखाली गेली की सकाळी सेल्फ मारून उपयोग नाही. म्हणून व्होल्टेज उतरलं की स्वतः बंद होणारा फ्रिज हवा किंवा वेगळी बॅटरी. मी दोन्ही केलं. बाबा म्हणाले, "एवढ्यात तर हॉटेलात राहिलो असतो." मुद्दा बरोबर होता.

सप्टेंबरच्या शेवटी निघालो. डबा २० लिटरचा, आत तारेचा वेगळा थर्मामीटर, कारण फ्रिजवरचा आकडा भिंतीचा असतो, पेनाजवळचा नाही. राजस्थानात दुपारी बाहेर ३८, आत ५. मी दर तासाला बघत होतो, आई वैतागली.

काझाला पोचलो, साधारण ३,६५० मीटर. संध्याकाळी बाहेरचं तापमान झपाट्याने उतरायला लागलं, रात्री शून्याखाली जाणार हे नक्की. आणि मला कळलं की आता धोका उलटा आहे. हा फ्रिज गार करतो, ऊब देत नाही. गाडीत राहिला तर आतलं इन्सुलिन पुन्हा गोठणार. फ्रिज बंद केला, आत नळाच्या पाण्याच्या चार बाटल्या भरल्या, पेनं त्यांच्या मधोमध. डबा तंबूत आणला, वर रजई. भुसा असो की फोम, उष्णता कुठल्या बाजूने चाललीय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तो दोन्हीकडून अडवतो.

झोपताना आकडा १० होता. रात्री दोनदा जाग आली, मोबाइलच्या उजेडात बघितलं, ८ आणि मग ७. पहाटे साडेपाचला डोळे उघडले तर बाबा आधीच उठून रजईखाली डोकं घालून बसले होते.

"पाच दाखवतंय," ते म्हणाले. "चहा टाक आता."